सुरेखाचा नवरा आणि इतर बग

सोर्स कोडपासून अख्खा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला कीबोर्ड-माऊस ओळखायला लावणारा प्रोग्राम, बिल्ड करायला आमच्याकडे चाळीस मिनिटं लागायची. तेवढा वेळ कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. मग काय, गप्पा! किस्से साठतात ते असे. आता माझ्या अंधेरीच्या ऑफिसात तेच काम तीन मिनिटांत होतं, आणि शेजारी कोण बसतं हेही मला धड ठाऊक नाही.

तेव्हा मुलुंडच्या एका गाळ्यात आम्ही तिघं होतो. मालवणचे सावंत साहेब, सुरेखा कांबळे आणि मी. अंध लोकांसाठी सहा बटणांचा स्वस्त ब्रेल कीबोर्ड बनवत होतो; ब्रेलमध्ये टाइप करायचं, स्क्रीनवर साधी अक्षरं उमटणार. तयार ड्रायव्हरवर तो चालेना. साहेब म्हणाले, "मग यूएसबीचो अख्खो डोलारो आपणच उभो करूया!"

* * *

पहिल्यांदा एकही एरर न येता बिल्ड झालं, तेव्हा मी टेबलावर थाप मारली. "झकास! झालं!"

माऊस लावला. स्क्रीन गोठली. कीबोर्डही मेला.

साहेब शांतपणे म्हणाले, "भात शिजलो म्हणजे जेवान झाला काय रे?"

* * *

सुरेखा खरं तर पॅकिंगला आलेली. पण तिने हात लावला की ड्रायव्हर बंद पडायचाच, म्हणून साहेबांनी तिला टेस्टर केलं.

एकदा टायपिंग चालू असताना तिने खसकन वायर ओढली. सगळं क्रॅश!

मी वैतागलो. "असं कोण ओढतं गं?"

"माझा नवरा!"

बगच्या, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकांच्या यादीत त्याची तशीच नोंद झाली: 'सुरेखाचा नवरा'. तीन आठवडे तो आम्हाला पुरून उरला. मग एकदा तिचा नवरा तिला न्यायला गाळ्यावर आला. साहेबांनी उठून हात मिळवला. "अभिनंदन! तुमचो बग काल सुटलो!"

तो बिचारा सुरेखाकडे बघत राहिला.

* * *

बिल्ड चालू असलं की मशीन तापायचं. सुरेखा त्यावर डबा ठेवायची. छोटा बदल असला की तेवढ्यापुरतं बिल्ड लगेच संपायचं आणि पोळ्या गारच राहायच्या.

एकदा मी एकच ओळ बदलली होती. ती म्हणाली, "यार, आज फुल बिल्ड लाव ना. भरलं वांगं आणलंय!"

लावलं.

* * *

दर शनिवारी जाधव सर टेस्टिंगला यायचे. निवृत्त शिक्षक, जन्मापासून अंध. कित्येक आठवडे अक्षरं गळत होती, आणि कुठली गळाली ते सर न चिडता सांगायचे.

एका शनिवारी सरांनी पाच ओळी लिहिल्या, एक अक्षर गळालं नाही. सर थांबले. म्हणाले, "आता स्क्रीन बंद करा."

"सर, टेस्ट आहे. बघावं लागेल," मी म्हटलं.

"बायकोला लिहितोय. तरुणपणी ती गावी होती, मी इथे. सगळी पत्रं दुसऱ्याला सांगून लिहिली. दुसऱ्यासमोर काय लिहिणार? 'मी खुशाल आहे'!"

साहेबांनी स्वतः स्क्रीन बंद केली. सर बराच वेळ लिहीत होते. सुरेखाने प्रिंट न बघता घडी घालून त्यांच्या हातात दिली.

पुढच्या शनिवारी सरांनी खिशातून एक कागद काढला. त्यावर नुसती भोकं.

"तिचं उत्तर. आमच्या नातीच्या मदतीनं ब्रेल शिकली चार दिवस. सुईनं टोचलंय. अर्धं उलटं आहे, पण अर्थ लागला मला."

सुरेखाला राहवेना. "काय लिहिलंय, सर?"

सरांनी कागदावरून एकदा बोट फिरवलं आणि तो खिशात ठेवला.

"स्क्रीन बंद!"