उसातून आलेलं कोल्हं

माघ सरत आला होता आणि वरकुट्याच्या शिवारातला उरलासुरला ऊस तुटत होता. थोरलीला नुकतंच पाचवं लागलं होतं. धाकटा दीड वर्षाचा, भिंतीला धरून चालणारा. माझ्या नवऱ्याची गावच्या शाळेत नोकरी. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, आणि बोलता बोलता मीही म्हणायला लागले होते. कुणावर हात न उगारणारा माणूस. शाळेतली छडी ते फक्त फळ्यावरची अक्षरं दाखवायला वापरायचे.

आम्ही आबांच्या वस्तीवर राहायचो, गावापासून जरा लांब, कालव्याच्या अंगाला. खोली शोधत होतो तेव्हा गावातल्या दोन-तीन घरांनी आधी आमचं आडनाव विचारून घेतलं आणि मग खोली रिकामी नाही म्हणून सांगितलं. आबांनी आडनाव विचारलंच नाही. "लेकरं किती हायत?" एवढंच विचारलं, आणि शेळ्या बांधायची खोली झाडून दिली. त्यांची मुलं पुण्याला, घरात म्हातारा-म्हातारी दोघंच. त्यांच्या म्हशीचं दूध आम्हाला रोज मिळायचं. पोरं तिला आमची म्हैस म्हणायची आणि आबा हसायचे.

अंगणात कडुलिंबाचं झाड होतं. त्याची पानगळ संपून शेंड्यांना तांबूस पालवी फुटली होती. आबांच्या बांधावरचा आंबा मोहरला होता आणि सकाळी दार उघडलं की त्याचा वास थेट चुलीपर्यंत यायचा. दिवस मोठे व्हायला लागले होते. थोरलीला आता घरात ठेवणं मुश्कील झालं होतं.

त्या शनिवारी शाळा सकाळची होती. गुरुजी जेवून आत पडले होते. मी दाराबाहेर बसून तांदूळ निवडत होते, धाकटा उंबऱ्याला धरून उभा होता, आणि थोरली लिंबाखाली भातुकली मांडून बसली होती.

"यू, यू," असं ती कुणाला तरी बोलावत होती. मग मला म्हणाली, "आई, कुत्रं आलंय. भाकरी दे ना त्याला."

मी मान वर केली. ते कुत्रं नव्हतं. कुंपणाच्या फटीतून कोल्हं आत आलं होतं. भर दुपारी, उघड्यावर. कोल्हं माणसाची चाहूल लागली की पळतं. हे पळत नव्हतं. मान एका अंगाला कललेली, खालचा जबडा लोंबलेला, तोंडातून लाळेची तार जमिनीला टेकलेली. दारू प्यायलेल्या माणसासारखं ते झोकांड्या खात पुढं येत होतं.

"पळ!" मी ओरडले. ती पळाली नाही. माझ्या ओरडण्यानं दचकून तिनं माझ्याकडं बघितलं, आणि तेवढ्यात त्यानं तिचा दंड धरला.

कोल्हं केवढं असतं? कुत्र्यापेक्षा लहानच. पण त्यानं माझ्या लेकीला आडवं पाडलं आणि फडकं झटकावं तसं झटकलं. तिचा आवाज फुटला नाही. भातुकलीची जर्मनची ताटली खणखणत लांब गेली, तो आवाज मला आठवतो. मी कशी उठले, किती वेळात पोहोचले, काही आठवत नाही. मी त्याच्या मानेची कातडी दोन्ही हातांनी धरली आणि ओढलं. त्यानं दंड सोडला आणि तिची पोटरी धरली. मग मी त्याच्या अंगावर पडले, सगळं वजन टाकून. तेव्हा कुठं त्यानं तिला सोडलं आणि माझं मनगट तोंडात धरलं. दात हाडाला लागले ते मला कळलं. दुखलं नाही. फक्त कळलं.

"अहो!" मी ओरडले. "अहो, बाहेर या!"

गुरुजी बनियनवर बाहेर आले. दाराआड पहार असायची, ती त्यांच्या हातात होती. मी कोल्ह्याच्या मानेवर गुडघा रोवून होते आणि ते खालून मागच्या पायांनी माझं पातळ फाडत होतं.

"बाजूला हो!"

"सोडलं तर पोराकडं जाईल!"

धाकटा उंबरा उतरून आमच्याकडं यायला निघाला होता. गुरुजींनी ते बघितलं. त्यांनी पहार उभी धरली आणि माझ्या गुडघ्याच्या बाजूनं, हातभर अंतरावरून, टोक खाली घातलं. पहिला घाव बरगडीवरून निसटून मातीत गेला. दुसरा आत गेला. त्या जनावरानं जो आवाज काढला तो मी नंतर कुठल्याच जनावराचा ऐकला नाही. माझं मनगट सुटलं. मी लोळण घेत बाजूला झाले आणि थोरलीला पोटाशी धरलं.

गुरुजी थांबले नाहीत. कोल्हं हलायचं बंद झालं तरी ते मारत होते. डोक्याचा चेंदामेंदा झाला, लिंबाच्या बुंध्यावर रक्त उडालं, तरी पहार वर जात होती आणि खाली येत होती. दात आवळलेले, डोळे कुठं तरी गेलेले. नऊ वर्षांच्या संसारात तो चेहरा मी पाहिला नव्हता. थोरली माझ्या काखेतून ते सगळं बघत होती. मी तिचे डोळे झाकायला हवे होते, पण माझा हातच उचलत नव्हता. शेवटी आबा धावत आले आणि त्यांनी मागून गुरुजींना मिठी मारली.

"गुरुजी, मेलंय त्ये. मेलंय. पहार टाका खाली."

आबांच्या म्हातारीनं चटणीचा डबा आणला होता. चावलेल्या जागी तिखट भरतात. गुरुजींनी तो बाजूला सारला. विहिरीवरची मोटार चालू करायला सांगितली आणि पाइपाच्या धारेखाली आम्हा दोघींना बसवून कपड्यांचा साबण जखमांत घातला. घासत राहिले, घासत राहिले. आता थोरलीचा आवाज फुटला. ती ओरडत होती, "नको बाबा, नको बाबा," आणि ते एका हातानं तिला दाबून दुसऱ्या हातानं उघडं मांस धूत होते.

आबा जवळ येऊन बसले. हळू आवाजात म्हणाले, "पोरी, त्ये पिसाळल्यालं व्हतं. पर घाबरू नगंस. पलीकडच्या गावात एक जण मुळी देतो. ती खाल्ली आन् इहिरीत वाकून बघितलं की इख उतरतंय. दवाखान्यात पोटात सुया टोचत्यात. एवढ्याशा लेकराला सोसायचं न्हाय."

ज्या माणसानं आम्हाला छप्पर दिलं त्याला नाही म्हणणं जड होतं. पण माझ्या बापाच्या घरातून धर्मांतरानंतर देव गेले तसे अंगारे आणि उतारेही गेले होते. बाप सांगायचा, आजारी पडलं की डॉक्टर, आणि डॉक्टर परवडत नसला तरी डॉक्टरच.

"आबा," मी म्हणाले, "तुमची माया कळते मला. पण मी हिला दवाखान्यातच नेणार."

त्यांना ते लागलं. पण जीपसुद्धा त्यांनीच कुणाची तरी मागून आणली.

पहिली सुई इंदापूरला बसली. पुढं रोज जावं लागणार होतं, म्हणून आम्ही माझ्या माहेरी जळोचीला येऊन राहिलो. तिथून बारामतीचा दवाखाना जवळ. गुरुजींनी रजा टाकली. रोज सकाळी मी आणि थोरली रिक्षातून जायचो, ते धाकट्याला आईजवळ ठेवून सायकलवर मागून यायचे.

सुई बेंबीच्या बाजूला द्यायचे. औषध आत जाताना पोटात निखारा ठेवल्यासारखं व्हायचं आणि तिथं लिंबाएवढी गाठ यायची. दुसऱ्या दिवशी गाठ चुकवून दुसरी जागा. आधी माझी पाळी असायची, ते मीच मागून घेतलं होतं. मी टेबलावर झोपायचे, थोरलीकडं बघायचे आणि तोंडातून आवाज काढायचा नाही असं ठरवायचे. वाटायचं, हे बघून तिला धीर येईल. तो आला नाही. पहिले दोन दिवस ती रडली. तिसऱ्या दिवशी तिनं नर्सच्या हाताला चावा घेतला. मग गुरुजींनाच तिचे पाय धरावे लागले. ती लाथा मारायची, त्यांच्या तोंडावर थुंकायची, "बाबा, तू वाईट आहेस. तू मारतोस," असं सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडायची. ते मान खाली घालून पाय धरून ठेवायचे. सुई निघाली की हात सोडायचे आणि बाहेर जाऊन गुलमोहराखाली उभे राहायचे.

घरी आल्यावर ती त्यांच्याकडं जायची नाही. त्यांनी आणलेला खाऊ खायची नाही. ते खोलीत आले की माझ्या पातळाआड लपायची. रात्री झोपेत ओरडायची आणि त्यांनी उचललं तर आणखी ओरडायची. मला सांगायची, "बाबांनी कोल्ह्याला मारलं. आता मला मारतात."

परसातल्या बोरीखाली बोरं पडत होती, गल्लीत पोरं होळीसाठी गोवऱ्या गोळा करत फिरत होती, कोकीळ दिवसभर केकाटत होता. आमच्या घरात मात्र सगळे दबकून बोलत होते.

एका दुपारी मी परसात धुणं वाळत घालत होते. आत फारच शांत होतं, म्हणून डोकावले. थोरलीनं धाकट्याला उताणं पाडलं होतं. त्याच्या छातीवर गुडघा रोवला होता, मी कोल्ह्यावर रोवला होता तसाच. एका हातानं त्याचं झबलं वर केलं होतं आणि दुसऱ्या हातात बाभळीचा लांब काटा होता. धाकटा खेळ समजून हसत होता. मी ओरडणार, तेवढ्यात दारातून आलेल्या गुरुजींनी मला हातानं थांबवलं.

ते तिच्याजवळ जाऊन बसले. धाकट्याला अलगद तिच्या खालून काढून घेतलं. मग सतरंजीवर आडवे झाले आणि शर्ट वर केला.

"त्याचं पोट लहान आहे," ते म्हणाले. "माझ्या पोटात दे."

ती बघत राहिली. मला वाटलं, पळून जाईल. ती गेली नाही. त्यांच्या मांडीवर चढून बसली आणि काटा टोचला. खरोखर टोचला, खेळातला नव्हे. रक्ताचा थेंब वर आला. गुरुजींच्या पोटाची कातडी थरथरली, पण त्यांनी हात हलवले नाहीत. तिनं दुसरीकडं टोचला. मग तिसरीकडं. दवाखान्यात म्हणतात तसं म्हणत होती, "हलू नको. हलायचं नाही. झालं, झालं." ओठ घट्ट मिटून, कपाळावर घाम येईपर्यंत ती टोचत राहिली. मी धाकट्याला कडेवर घेऊन दारात उभी होते.

मग ती थांबली. त्यांच्या पोटावरच्या रक्ताकडं बघितलं आणि विचारलं, "दुखलं?"

"दुखलं," ते म्हणाले.

"मग ओरडलास का नाही?"

"ओरडू?"

तिनं मान डोलावली. आणि गुरुजी ओरडले. खोटं नव्हे. इतक्या मोठ्यानं की माझी आई चुलीपुढून धावत आली. ओरडता ओरडता त्यांना रडू फुटलं, ते पालथे झाले, आणि थोरली घाबरून त्यांच्या पाठीवर पडून रडायला लागली. दोघं तशीच रडत राहिली.

दुसऱ्या दिवशी टेबलावर मीही ओरडले. नर्स दचकली. उरलेल्या सगळ्या सुया आम्ही मायलेकींनी बोंबलत घेतल्या. तिचे पाय गुरुजींनीच धरले. ती लाथा मारायची, पण थुंकणं बंद झालं.

आम्ही वरकुट्याला परतलो तेव्हा चैत्र लागला होता. लिंबाची पालवी दाट हिरवी झाली होती आणि बारीक पांढरी फुलं आमच्या दारात पडत होती. बुंध्यावरचे डाग आबांनी चुन्यानं झाकले होते. म्हशीकडं मात्र कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. त्या दुपारी कोल्हं आमच्या अंगणात यायच्या आधी कुंपणापलीकडच्या गोठ्यातून, तिला चावून आलं होतं.

आम्ही आलो त्याच आठवड्यात म्हशीनं खाणं टाकलं. लाळ गळायला लागली. आबांना वाटलं, घशात काही तरी अडकलंय. त्यांनी तिचं तोंड फाकवून कोपरापर्यंत हात आत घातला आणि चाचपलं. काही सापडलं नाही. हात धोतराला पुसून ते मळ्यात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हंबरायला लागली. घोगरं, न थांबणारं. मग तिनं दावं तोडलं. समोरचा खुंटा शिंगांवर घेऊन उखडला, गोठ्याचा पत्रा फाडला आणि आमच्या दारावर आली. मी दोन्ही पोरांना घेऊन आत कडी लावली होती. तिनं दाराला धडक दिली तेव्हा मांडणीवरची भांडी खाली आली. दुसऱ्या धडकेला वरची बिजागरी निघाली. गुरुजी आतून दाराला पाठ लावून उभे होते आणि थोरली ओरडत होती, "आपली म्हैस आहे! तिला मारू नको बाबा, आपली म्हैस आहे!"

तिला कुणी मारलं नाही. मारायची वेळ आली नाही. तिचे मागचे पाय गेले आणि ती अंगणातच कोसळली. पडल्या पडल्या शिंगांनी माती उकरत राहिली, दगडांवर डोकं आपटत राहिली. दुपार कलली तेव्हा संपली. आबा लांब बांधावर बसून होते. ती म्हैस त्यांनी रेडकू असल्यापासून बाटलीनं दूध पाजून वाढवली होती.

गुरुजी त्यांच्याजवळ गेले. मीही गेले, थोरली माझ्या बोटाला होती.

"आबा, तुम्ही तिच्या तोंडात हात घातला होता."

"व्हय." त्यांनी हात पुढं केला. बोटांना उसाच्या पाचटानं कापल्याच्या खुणा होत्या. स्वतःच्याच हाताकडं ते दुसऱ्याचा असल्यासारखं बघत होते. मुळी देणाऱ्याचं नाव त्यांनी काढलं नाही. आम्हीही काढलं नाही. मग ते थोरलीला म्हणाले, "लई दुखतंय का गं, सुई?"

मला वाटलं, ही म्हणेल, नाही. आम्ही मोठी माणसं तिला रोज तसंच सांगत आलो होतो.

"व्हय आबा," ती म्हणाली. आबांशी ती त्यांच्यासारखंच बोलायची. "लई दुखतंय. पर वरडायचं. वरडलं तर चालतंय."

आबा दुसऱ्या दिवसापासून इंदापूरला जायला लागले. गुरुजी रोज पहिल्या गाडीनं त्यांना घेऊन जायचे आणि शाळा भरायला परत यायचे. त्या म्हशीचं दूध आम्हीही प्यायलो होतो, म्हणून आमच्याबद्दल मी डॉक्टरांना विचारून घेतलं. दूध उकळलेलं होतं, भीती नव्हती. आबा दुपारच्या गाडीनं एकटेच यायचे, पोटाला हात लावून, फुफाट्यातून हळूहळू चालत. थोरली कालव्याच्या पुलापर्यंत पळत जायची.

"आबा, वरडला का?"

"लाज वाटती गं पोरी, समद्यांच्या म्होरं."

असं बरेच दिवस चाललं. मग एकदा पुलावरून दोघांचं हसणं ऐकू आलं. मी बाहेर आले. धाकटा माझा हात सोडून त्यांच्याकडं निघाला होता, आणि आबा उन्हात उभे राहून, तोंड वर करून, आज दवाखान्यात कसे ओरडले ते तिला करून दाखवत होते.