झाकणाखालची चकती

हायपो भरलेल्या कॅनला घट्ट झाकण चालत नाही. हे मी कितीतरी वर्षे जाणून होतो. मला ते इतके सरावाचे झाले होते की दुसऱ्या कुणाला सांगण्याची गरजच कधी वाटली नाही.

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात रवानगीचे काम माझ्याकडे आहे. पाणी निर्जंतुक करण्यासाठी, मासळीच्या कारखान्यांतल्या टाक्या आणि फरश्या धुण्यासाठी जे पिवळसर, नाकाला झोंबणारे द्रावण लागते, ते आमच्याकडे निळ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरले जाते. बाजारात त्याला हायपो म्हणतात. हे द्रावण स्वस्थ बसत नाही. उन्हाने तापले की त्यातून वायू सुटत राहतो. त्याला वाट मिळावी म्हणून झाकणाच्या मधोमध बारीक छिद्र असते आणि छिद्राखाली एक पातळ पडदा, ज्यातून वायू जावा पण द्रव सहसा येऊ नये. अशा मालाच्या वाहतुकीचे नियम पुष्कळ आहेत. कॅन मान्यतेचा शिक्का असलेला हवा, त्यावर हात आणि धातू खाणाऱ्या थेंबांचे चित्र हवे, कॅन उभाच ठेवला पाहिजे, गाडीवर धोक्याचा फलक हवा, चालकाने या मालाचे वेगळे प्रशिक्षण घेतलेले हवे. गेटवर उभा राहून मी यातले प्रत्येक कलम तपासत असे. माणसाबद्दल मत बनवताना मात्र मी एवढी तपासणी कधी केली नाही.

ऐन वैशाखात हर्ण्याजवळच्या एका बर्फ कारखान्यातून फोन आला. तिथल्या फोरमनने आमचा एक कॅन उघडायला घेतला, तर झाकण अर्धे फिरताच आतला हायपो कारंज्यासारखा उडाला. तो नेमका त्या क्षणी कुणाच्या तरी हाकेला ओ देण्यासाठी वळला होता, म्हणून डोळा वाचला. खांदा आणि मान भाजली, सदऱ्याचा रंग उडाला. बाकीचे कॅनही पोट फुगवून उभे होते. त्याने पाठवलेल्या फोटोत उघडलेल्या झाकणाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची एक गोल चकती दिसत होती. दुधाच्या पिशवीतून कापलेली. पिशवीवरची निळी अक्षरे अर्धवट वाचता येत होती. त्या चकतीने छिद्र बंद झाले होते.

ती चकती आमची नव्हती, एवढी मला खात्री होती. मग आमच्या गेटपासून हर्ण्यापर्यंत कॅनजवळ कोण होते? एकच माणूस. गाडीचा चालक.

तो माझ्याच वयाचा. लांज्याच्या आतल्या बाजूला त्याचे गाव. उमेदीची सारी वर्षे त्याने मुंबईत टँकर चालवले, आणि आई अंथरुणाला खिळली तेव्हा तो गावी परतला. धोकादायक मालाचा परवाना असल्यामुळे इथल्या वाहतूकदाराने त्याला आमच्या फेऱ्यांवर ठेवले होते. या गाडीवरचे काम सुटले असते तर त्याला पुन्हा मुंबई गाठावी लागली असती आणि आईजवळ कुणी राहिले नसते. हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही माझ्या मनात पहिल्यांदा आले ते हे, की या माणसाला वासाचा त्रास होतो, तो नेहमी तक्रार करतो.

संशयाची एक खोड आहे. तो एकदा बसला की आजवर निरुपद्रवी वाटलेल्या गोष्टी पुरावा म्हणून हजर होतात. गाडी परत आल्यावर मी तिच्या हौद्यात चढलो. कोपऱ्यात भाताचा पेंढा पडला होता. वैशाखात रत्नागिरीच्या गाडीत पेंढा म्हणजे आंब्याची पेटी, दुसरे काय? माझी गोष्ट तयार झाली. हा वाटेत आंब्याच्या पेट्या चढवतो. हायपोचा वास आंब्याला लागू नये म्हणून झाकणांची छिद्रे बुजवतो. चिपळूणला त्या दिवशी गाडी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्याचे वाहतूकदाराने सांगितले, तेव्हा तर माझ्या मते सारे जुळले.

मी त्याला ऑफिसात बोलावले. आवाज चढवण्याचा माझा स्वभाव नाही. मी हळू बोलतो, आणि हळू बोलणाऱ्या माणसाचा संशय ऐकणाऱ्याला जास्त बोचतो, हे मला बरेच नंतर समजले. चिपळूणला का थांबलात, असे विचारले. ऊन फार होते म्हणून वडाच्या सावलीत गाडी लावली, तो म्हणाला. पेंढ्याचे काय, असे विचारले.

"गवत मी घातला, साहेब. घाटात कॅन एकमेकांवर घासतात म्हणून. आंब्याच्या पेटीत घालतात तसाच. पण झाकणाला हात नाय लावला."

हायपो सांडला तर वाळका पेंढा तापून पेट घेऊ शकतो, हे मी त्याला त्याच हळू आवाजात समजावले. त्याने मान्य केले. अर्धी गोष्ट मान्य करणारा उरलेली अर्धी लपवतो, असे मी मनाशी ठरवले. तेवढ्यात माझी नजर त्याच्या पिशवीतून डोकावणाऱ्या बाटलीकडे गेली. सोलकढी होती. झाकणाच्या कडेने प्लास्टिकची झालर बाहेर आली होती. दुधाची पिशवी, निळी अक्षरे.

मी बाटलीकडे पाहतो आहे, हे त्याने पाहिले.

"सांडू नये म्हणून लावलाय," तो म्हणाला. मग पिशवी जवळ ओढत, "साहेब, तुम्ही मघापासून विचारताय ते मला नाय विचारत. तुम्ही ठरवून बसलात."

तो गेल्यावर मालकांना फोन केला, कारण त्यांना संध्याकाळपर्यंत जबाबदार माणसाचे नाव हवे होते. मी नाव सांगितले. वाहतूकदारालाही कळवले की हा माणूस आमच्या मालावर नको. इतक्या स्पष्ट पुराव्यानंतर दुसरे काही करणे मला चुकीचे वाटले असते. त्या दुपारी मी अगदी शांत मनाने घरी जेवायला गेलो.

पत्नीने ताट वाढले आणि कोकमाचे आगळ काढायला बाटली घेतली. झाकण उघडले. झाकणाखालून दुधाच्या पिशवीचा गोल तुकडा निघाला आणि तिच्या बोटाला चिकटला. तिने तो ताटाच्या कडेला ठेवला.

हे काय, म्हणून मी विचारले.

"अहो, काय म्हणजे? नाहीतर गळतं ना. आज पहिल्यांदा बघताय का?"

पहिल्यांदा पाहत नव्हतो. लोणच्याच्या बरणीला, तेलाच्या बाटलीला, प्रवासात न्यायच्या तुपाच्या डब्याला, लहानपणापासून तीच चकती पाहत आलो होतो. माझ्या आईने लावली, बहिणीने लावली. आमच्या भागात झाकणाखाली प्लास्टिक घातले नाही तर झाकण लावले असे कुणी मानतच नाही. ज्या पुराव्यावर मी त्या माणसाला दोषी ठरवले, तो माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर रांगेने उभा होता.

जेवण तसेच टाकून मी कारखान्यात आलो. पुढच्या फेरीसाठी भरून ठेवलेले कॅन शेडमध्ये होते. ते अजून कुठल्या गाडीत चढले नव्हते, कुठल्या चालकाने पाहिलेही नव्हते. हातमोजे आणि चष्मा घालून मी एक झाकण अगदी सावकाश सैल केले. सुस्कारा टाकावा तसा आवाज आला. आत चकती होती. कात्रीने नीट कापलेली, काठ एकसारखा. दुसऱ्या कॅनातही तीच.

कॅन भरणाऱ्या बायकांत एक वयाने मोठ्या आहेत. त्यांना सगळे वहिनी म्हणतात, मीही म्हणतो. आमच्याकडे येण्यापूर्वी आंब्याचा रस डबाबंद करण्याच्या कारखान्यात त्यांचे कितीतरी हंगाम गेले होते. त्या कामात डब्यात हवा शिरली की माल गेला, आणि झाकण लावणाऱ्या बाईचे नाव खराब झाले. मी चकती दाखवली. ही कुणी घातली, एवढेच विचारले.

"मीच. सगळ्यांना मीच शिकवलंय," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर भीती नव्हती, थोडा अभिमानच होता. "हर्ण्याच्या कॅनांना याआधीच्या खेपेला झाकणाभोवती पांढरी खपली धरली, तेव्हा तुम्ही इथंच उभे राहून काय सांगितलंत? झाकणाभोवती ओल दिसली तर कॅन परत. आता एक तरी ओला दाखवा."

एकही ओला नव्हता. त्या खेपेपासून मी गेटवर कॅनच्या मानेवरून बोट फिरवून पाहत होतो, आणि बोट कोरडे निघाले की समाधानाने गाडी सोडत होतो. कोरडेपणा हीच माझी कसोटी झाली होती. कॅन जितका बंद, तितका मी त्याला निर्दोष समजत गेलो. झाकणाला छिद्र का असते, हे वहिनींना कुणी सांगितले नव्हते. सांगायचे माझ्याकडे होते. ते आणि हर्ण्याला काय झाले हे मी सांगितले तेव्हा त्या खाली बसल्या आणि हर्ण्याच्या फोरमनचा डोळा ठीक आहे ना, हे त्यांनी मला पुन:पुन्हा विचारले.

सगळे कॅन आम्ही एकेक करून उघडले. चकत्यांचा ढीग बादलीत साचत गेला. झाकणागणिक वायूचा सुस्कारा निघे आणि वहिनी तोंड फिरवून घेत. मालकांना मी फोनवर सांगितले, की सकाळी दिलेले नाव मागे घ्यावे आणि जबाबदारी माझी समजावी. त्यांनी थंडपणे विचारले, की सकाळी तुमची खात्री कशी झाली होती?

वाहतूकदाराकडे फोन न करता मी स्वतः गेलो. तोवर त्याने चालकाकडून गाडीची चावी घेतली होती. एकदा माणूस संशयात आला की पुन्हा रसायनावर पाठवताना विचार करावा लागतो, असे तो म्हणाला. हा विचार सकाळीच करायला हवा होता आणि तो मी करायचा होता, असे मी सांगितले. चूक कुठे झाली ते सगळे त्याच्यासमोर उलगडले. चावी परत मिळाली. चालकाने मात्र मधल्या वेळात गावी फोन करून आईच्या कानावर घातले होते की बहुतेक मुंबईला निघावे लागेल. त्या रात्री ती जेवली नाही, हे त्याने मला पुढे कधीतरी सांगितले. सांगताना स्वरात राग नव्हता, म्हणून ऐकणे अधिक जड गेले.

पुढची फेरी लागली तेव्हा तो वेळेवर आला. हौदा झाडून आणलेला, पेंढ्याचे एक पातेही नाही. कॅन बांधायला पट्टे आणले होते. मी पुढे होऊन त्याची माफी मागितली. त्याने ती ऐकून घेतली, मान डोलावली आणि हातमोजे घातले. मला वाटले, आता चढवायला सुरुवात होईल. त्याने पहिला कॅन गाडीजवळ घेतला, झाकण फिरवले आणि आत पाहिले.

सगळी झाकणे आम्ही तपासली आहेत, असे मी म्हणालो.

"तुम्ही तपासता ते बाहेरून, साहेब. आत मी बघतो."

वहिनी शेडच्या दारात उभ्या होत्या. त्याने झाकण पुन्हा लावले, छिद्रावर कान नेऊन घटकाभर ऐकले आणि कॅन गाडीत चढवला. मग दुसरा घेतला. त्याच्या नजरेत त्या दिवशीची माझीच नजर होती. फरक एवढा, की तो ती झाकणावर रोखत होता.

अर्धे कॅन झाल्यावर तो सावलीत बसला, पिशवीतून सोलकढीची बाटली काढली आणि चकतीसकट झाकण उघडून बाटली माझ्यापुढे धरली.

"घ्या. ह्यात काय फुगत नाय."

मी प्यायलो. कढी आंबट होती आणि लसूण जरा जास्त. तेवढ्यात मालकांचा फोन आला, गाडी अजून का निघाली नाही म्हणून. राहिलेली झाकणे पाहून होईपर्यंत ती निघणार नाही, असे मी त्यांना सांगितले आणि फोन खिशात ठेवून पुढचा कॅन त्याच्याजवळ सरकवला.