तपकिरी स्वेटर, निळं दप्तर

आमच्या बसस्थानकावर हरवले-सापडलेची एक खिडकी आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिच्यामागे ताई बसायच्या. मी वर बसते, बेचाळीस पायऱ्या चढून गेलं की लागणाऱ्या काचेच्या केबिनमध्ये. गाड्यांच्या घोषणा मी करते. माझा आवाज चांगला आहे, हे लहानपणापासून मला इतक्या जणांनी सांगितलं की त्याचा माज चढायला फार वेळ लागला नाही.

ताई बोलताना अडखळायच्या. शब्दाच्या उंबऱ्याशीच त्यांची गाडी बंद पडायची, ओठ थरथरायचे, मान एका बाजूला ओढली जायची. प्रत्येक थांब्यावर थांबणाऱ्या गाडीला आमच्याकडे सर्वथांबा म्हणतात. हे नाव त्यांना मी ठेवलं. डब्याच्या सुट्टीत मी त्यांची नक्कल करायचे आणि सगळे कंडक्टर, टाइमकीपर पोट धरून हसायचे. ताई समोर असल्या तर त्याही हसायच्या, सगळ्यांच्या आधी हसायच्या. मला वाटायचं, बाई खिलाडू आहे. आधी आपणच हसलं की लवकर संपतं, हे त्या शाळेत शिकल्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

शाळेत पोरं मधल्या सुट्टीत त्यांना भिंतीशी उभं करून स्वतःचं नाव सांगायला लावायची. बोटांवर मोजायची, आज किती झटके लागले म्हणून. घरी वडील त्याहून पुढचे. ताटावर बसलं की एक वाक्य न अडखळता म्हणायचं, मगच घास. म्हणता आलं नाही तर पट्टा. चौदाव्या वर्षी त्या घरातून पळाल्या. परत नेल्या गेल्या. सतराव्या वर्षी पुन्हा पळाल्या, तेव्हा सुटल्या. हे सगळं आमच्या म्हाताऱ्या हमालकाकांना माहीत होतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

छत्र्या, डबे, चष्मे, एकदा तर कुणाची कवळी, असलं सगळं ताई चिठ्ठी बांधून फळीवर ठेवायच्या. पण त्यांचं खरं लक्ष बाकांवर असायचं. घर सोडून आलेलं पोर त्यांना लांबून ओळखू यायचं. दप्तर खांद्यावरून उतरवत नाही, भर उन्हात स्वेटर घातलेला असतो, आणि कितीही गाड्या लागल्या तरी उठत नाही. ताई त्याला काही विचारायच्या नाहीत. आत बोलवायच्या, दोरा हातात द्यायच्या, एवढ्या छत्र्यांना चिठ्ठ्या बांध म्हणायच्या. हात कामाला लागले की पोर आपोआप बोलायला लागायचं. मग ताई एक चिठ्ठी लिहायच्या आणि ड्रायव्हरच्या हाती पुढच्या गावी पाठवायच्या. तिथं मुलींच्या आधारगृहातल्या एक बाई होत्या. त्या परतीच्या गाडीनं येऊन पोरीला रीतसर घेऊन जायच्या. टेलिफोनशी ताईंचा छत्तीसचा आकडा. त्या फोन उचलत नसत, करत तर नसतच.

सोळा वर्षांपूर्वीची दुपार. चौकशीच्या खिडकीवरून मला कागद आला : चौदा वर्षांची मुलगी, दोन वेण्या, तपकिरी स्वेटर, निळं दप्तर, वडील खिडकीशी थांबलेत. आमचा नियम असा की जवळचा नातेवाईक आला की वर्णन तीनदा पुकारायचं. मी पहिल्यांदा पुकारलं. मायेनं पुकारलं, खोटं कशाला सांगू. हरवलेल्या मुलांची घोषणा करताना मी आवाजात थोडी साखर घालते.

लगेच आतला फोन वाजला. केबिनमध्ये टाइमकीपर आणि दोन कंडक्टर चहा पीत बसले होते. फोनवर नुसता श्वास, आणि मग, "न... न... न..."

ज्या बाईनं बारा वर्षांत एकदाही मला फोन केला नव्हता ती आज का करतेय, एवढा साधा विचार माझ्या टाळक्यात आला नाही. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मी रिसीव्हर हवेत धरला.

"न-न-नमस्कार का, ताई?" मी म्हटलं. "या, सगळे थांबे घेत या सावकाश, मी वाट बघते."

केबिन हसण्यानं भरून गेली. टाइमकीपरच्या नाकात चहा गेला. मी फोन ठेवला आणि वर्णन दुसऱ्यांदा पुकारलं.

त्या दुसऱ्या पुकाऱ्यानं घात केला. हमालकाका हातगाडी घेऊन ताईंच्या खिडकीवरून जात होते. ताई नेमक्या तेव्हा खुर्ची सोडून जिन्याकडे धावल्या होत्या. काकांना आत तपकिरी स्वेटर दिसला. भला माणूस. सापडली पोर एकदाची, म्हणत त्यांनी तिचा हात धरला आणि चौकशीच्या खिडकीशी नेऊन उभं केलं.

ताई माझ्या दारात पोचल्या तेव्हा त्यांचा ऊर धपापत होता. आणि आता शब्द सरळ बाहेर आला. "नको म्हणत होते."

मी काचेतून खाली बघितलं. तिच्या बापानं तिची मानगूट धरली होती. पोरगी रडत नव्हती. ती फक्त मान वर करून कर्ण्याकडे बघत होती, जिथून माझा आवाज येतो तिकडे. ताई परत खाली धावल्या, माणसाला अडवलं, बोलायचा प्रयत्न केला. तो त्यांच्या तोंडाकडे बघून हसला. आगारप्रमुखांनी हात झटकले, बाप आहे, घरचा मामला आहे. पाच मिनिटांनी त्यांची गाडी सुटली. त्या गाडीची घोषणाही मीच केली, स्वच्छ, एकाही शब्दावर न अडखळता.

चारच्या गाडीनं आधारगृहातल्या बाई आल्या. दुसऱ्या दिवशी त्या पत्ता काढत गेल्या तर घराला कुलूप. लोक गाव सोडून गेले होते. नंतर काही कळलं नाही.

दप्तर मात्र ताईंकडेच राहिलं. काकांनी हात धरला तेव्हा ते छत्र्यांच्या मागे होतं. नव्वद दिवसांत कुणी नेली नाही तर वस्तू लिलावात काढायची, हा नियम. ताई एकोणनव्वदाव्या दिवशी जुनी नोंद खोडायच्या आणि तेच दप्तर आज सापडलं म्हणून नव्यानं लिहायच्या. सरळ सरळ खोटी नोंद. आयुष्यात दुसरी कुठली लबाडी त्यांनी केली असेल असं मला वाटत नाही.

मी काय केलं? काही नाही. चौदा वर्षं मी मागच्या फाटकानं ये-जा केली, त्या खिडकीवरून जावं लागू नये म्हणून. नक्कल बंद केली, तर लोकांनीच विचारलं, काय गं, बिनसलं का काही? हो म्हणायचीही लाज वाटली. ताई त्यानंतर फोनला कधी शिवल्या नाहीत. काही सांगायचं असलं तर कागदावर लिहून, गुडघे धरत, बेचाळीस पायऱ्या चढून यायच्या. कागद द्यायच्या आणि जायच्या. एकदाही टोचून बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी खाली गेले. काय बोलायचं ते घरून घोकून आले होते. खिडकीशी उभी राहिले आणि तोंडच उघडेना. "ताई, मी... मी..." याच्यापुढे गाडी जाईना. ज्या बाईचा आवाज अख्ख्या स्थानकाला ऐकू जातो तिची ही गत. ताईंनी माझा शब्द पुरा केला नाही. हसल्या नाहीत, नजर वळवली नाही. नुसत्या थांबल्या, जितका वेळ लागला तितका.

मग मी बोलले. सगळं. फोन, नाव ठेवणं, मागचं फाटक.

असू दे, झालं गेलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मला प... पहिल्यांदा नेलं ना, ते इथूनच. असंच प... पुकारून." मग त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. दप्तराची तारीख भरत आली होती. "ह्या वेळी तू लिही," त्या म्हणाल्या. "आणि ती आली, तर तुझ्या ह... हातानं दे."

वस्तू कोणी जमा केली, या रकान्यात मी माझं पूर्ण नाव लिहिलं.

आता तिथं नवी बाई बसते. दर एकोणनव्वदाव्या दिवशी मी खाली जाऊन नोंद नवी करते, तिनं डोळ्यांवर कातडं ओढलंय. ती पोरगी आता तिशीची असेल. त्या वयाची कोणी बाई खिडकीशी रेंगाळली की मला वरून दिसते, आणि माइक हातात असताना माझा शब्द अडखळतो. ती यावी असं मला मनापासून वाटतं. आज नको, असंही वाटतं.