गिअरपेटीच्या बुडाचा बोल्ट

“एकबार हात लावून येतो,” म्हणत मिस्त्री डेपोच्या फाटकातून परत फिरायचे. सायकल भिंतीला टेकवून ट्रॅक्टरखाली शिरायचे, गिअरपेटीच्या बुडाचा बोल्ट चाचपायचे आणि बोट निरखायचे. बोटाला तेल नसलं की घरी. कधी अर्ध्या वाटेवरूनही माघारी यायचे.

कुलूप लावून चार पावलं गेली की परत येऊन ते ओढून बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. परभणीच्या डेपोत आम्ही मिस्त्रींना खूप हसायचो. मी तेलाच्या डब्यांवरचा कारकून, सगळ्यांत जास्त मीच हसायचो.

ही खोड त्यांना राणीसावरगावहून आल्यावर जडली.

निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. कुंद्याचं गवत माजलेली रानं सरकारी ट्रॅक्टर खोल नांगरून द्यायचे. बैलांच्या नांगराला कुंदा दाद देत नाही. राणीसावरगावातल्या एका विधवा बाईंचा नंबर लागला. मिस्त्रींनी गिअरपेटीतलं जळकं तेल काढलं, बोल्ट हातानं फिरवून बसवला, नवं तेल ओतलं. बोल्ट आवळायला पाना उचलणार, तेवढ्यात बाई नारळ घेऊन आल्या. विधवेच्या हातची पूजा म्हणून लोक कुजबुजू लागले. बाईंनी नारळ दिराच्या हाती दिला, तसे मिस्त्री उठून पुढं झाले.

“तुमीच फोडा बाई. रान तुमचं हाय.”

नारळ फुटला, ट्रॅक्टर निघाला. पाना बांधावरच राहिला.

चौथ्या तासाला पेटी करकरली आणि गिअरचे दात तुटले. बोल्ट ढेकळांत कुठंतरी गळून पडला होता. हैदराबादहून सुटे भाग येईस्तोवर मृग निघून गेला आणि रान तसंच पडून राहिलं. साहेबांनी ‘यंत्र जुने’ असं लिहायला सांगितलं. मी लिहिलं. गाव मात्र म्हणालं, विधवेचा नारळ बाधला. पेरणीला बाईंना कुणी आपल्या बांधावर उभं राहू देईना.

हे कानावर आल्यापासून मिस्त्री एका जागी बसेनात. हातातलं काम टाकून उठायचे, पुन्हा बसायचे. एक दिवस माझ्या टेबलाशी आले.

“बोल्ट मी ढिला ठेवला, अन् ती बाई उगंच भोगायलीय. मी गावात जायलोय.”

“नोकरी जाईल, मिस्त्री.”

“जाऊ द्या की.”

त्यांना अडवायला म्हणून मी मोटारीत बसलो आणि गाव आल्यावर त्यांच्या मागोमाग उतरलो. पारावर माणसं जमली होती. मिस्त्री उभ्यानंच बोलले, “बोल्ट मी ढिला ठेवला. खता माझी हाय. बाईच्या नारळाची न्हाई.”

नोकरी गेली. ते कुठं गेले, कुणी म्हणे जिंतूरला, कुणी म्हणे आणखी कुठं. मला धड कळलं नाही, आणि त्याची लाज वाटते.

पुढच्या उन्हाळ्यात तोच ट्रॅक्टर बाईंच्या रानात आला. तेलाचे डबे घेऊन मीही सोबत होतो. या वेळी गावानंच नारळ त्यांच्या हाती दिला होता. त्यांनी तो उचलला आणि तशाच थांबल्या.

“मिस्त्री कुठायत? आधी त्यास्नी खाली बघू द्या.”

मी धोतर खोचलं, ट्रॅक्टरखाली शिरलो आणि बोल्ट चाचपला. बोट कोरडं होतं.

“घट्ट हाय, बाई,” मी बाहेर येऊन सांगितलं.

नारळ अजून त्यांच्या हातातच होता.

“एकबार परत हात लावा,” त्या म्हणाल्या.

मी पुन्हा खाली शिरलो.