करवंट्यांवरचं कपाट

किहीमला मी शाळामास्तर होतो तेव्हा माझा आवाज थेट किनाऱ्यावर ऐकू जाई. पण आयुष्यात एकदाच ओरडायची खरी गरज पडली, त्या दिवशी मी कुजबुजलो.

झालं असं, की मी मुंबईहून एक जुनं सागवानी कपाट आणलं. बोटीने रेवसपर्यंत, पुढे बैलगाडीने. वर काचेची दारं, खाली तीन खण. वरच्या फळीवर हिने लाडवांचा डबा ठेवला आणि मुंग्यांना पत्ता लागला! कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या दगडी वाट्या ठेवायची पद्धत, त्या मिळेनात. मी म्हटलं, नारळाच्या करवंट्या काय वाईट? (ही कल्पना सर्वस्वी माझी.)

कपाट उचलायला आलेला धर्मा सुतार बघतच राहिला. "मास्तर, करवंटी बुडाला गोल हाय. भिंतीला लोखंडी पट्टी मारतो. घरात प्वार हाय."

"सागवानाला खिळे? अरे, मी उभा असताना कपाट पडेल का?"

"मारू द्या की हो पट्टी," ही म्हणाली. मी ऐकलं नाही.

चौथ्या दिवशी शाळेतून येतो, तर आमची अडीच वर्षांची बायो तिन्ही खण ओढून, त्यांच्या पायऱ्या करून, सगळ्यात वरच्या खणात उभी! हात डब्याकडे. कट्! पुढची एक करवंटी फुटली आणि कपाट पुढे झुकलं.

मी धावलो आणि दोन्ही तळवे कपाटाला लावले. बायो माझ्या आणि कपाटाच्या मधे. ओरडावं तर ती दचकून हलेल!

"अगं... ऐकलंस का..." मी कुजबुजलो.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "मोठ्यानं बोला की! घसा बसला का?"

कट्! दुसरी करवंटी. पाणी सारवलेल्या जमिनीवर पसरलं आणि माझे पाय मागे सरकू लागले. खोटं कशाला सांगू, इतका मी कधीच भ्यालो नव्हतो.

"बायो, हलू नको हं."

"बाबा, लाडू."

"देतो. दहा देतो. हलू नको!"

मी लाडू कबूल करतोय हे ऐकून मात्र ही ताबडतोब बाहेर आली. तिने माझ्या बगलेखालून पोरीला ओढून घेतलं, छातीशी धरलं आणि मग रडली.

"अगं, आता मी सोडू का?"

"खबरदार! काचा फुटतील. धर्माला आणते." आणि बायोला कडेवर घेऊन गेली.

धर्मा वाडीत कुठेतरी कामाला होता. तो येईपर्यंत तासभर मी तसाच. आल्यावर त्याने कपाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मास्तर, तुमी बोललात ता खरा हाय. तुमी उभं असताना पडला न्हाय!"

पट्टी मारली. चार खिळ्यांची, चांगली रुंद. दुसऱ्या दिवशी शाळेत हातात खडू धरवेना, म्हणून मुलांना धडा वाचायला लावला: 'सांगितलेले ऐकावे'. सगळ्यांनी मोठ्यानं वाचला. मी तेवढा गप्प होतो.