डाव्या पायात जुना, उजव्या पायात नवा

बुटांच्या कारखान्यातल्या तपासणी विभागात बाई एकट्याच होत्या. त्यांच्यासमोर येणारा माणूस आधी आपल्या टाचा लपवायचा, कारण कुणाचा बूट कुठून झिजलाय हे बाईंना त्याच्या चेहऱ्याआधी दिसायचं.

त्या वर्षी नव्या रबराचा सोल आला. तो जुन्यापेक्षा टिकाऊ आहे का, हे मालकांना जाणून घ्यायचं होतं. बाईंनी वीस जणांना बूट दिले. एका पायात जुना सोल, दुसऱ्यात नवा. माणूस तोच, रस्ता तोच. नवा कुठल्या पायात, हेही प्रत्येकासाठी नाणं उडवून ठरवलं. विसावा माणूस मिळेना म्हणून सासऱ्यांना पकडलं.

काही महिन्यांनी बूट परत आले, तसे विक्री बघणारे साहेब नाचतच आत आले. “बाई, सरासरी बघा! नवा सोल दीडपट टिकाऊ!”

“त्यातला एक जुना सोल कुत्र्यानं खाल्लाय, साहेब.”

“मग?”

“मग तुमची सरासरी त्या कुत्र्यानं काढलीय.”

बाईंनी कपाळाला हात लावला आणि चिन्ह कसोटी समजावायला घेतली. किती झिजला ते सोडा, प्रत्येक जोडीत कमी कोण झिजला एवढंच बघा. नवा असेल तर अधिक, जुना असेल तर उणे, दोन्ही सारखे तर जोडी बाद. सोलांत फरकच नसेल, तर अधिक-उणे साधारण निम्मेनिम्मे पडणार. कुत्र्याची जोडी गेली, बरोबरीच्या तीन गेल्या. उरलेल्या सोळांत दहा अधिक, सहा उणे.

“म्हणजे नवा जिंकला की!”

“सोळा वेळा नाणं उडवलंत, तर दहा किंवा जास्त छापे दर चार-पाच खेपांत एकदा नुसत्या नशिबानं पडतात. यावर मी सही करणार नाही.”

“म्हणजे नवा सोल वाईट?”

“असं कोण म्हणालं?” बाईंचा आवाज चढला. “एवढ्या जोड्यांवरून कळत नाही, एवढंच म्हणतेय!”

हेच त्यांना मालकांना दोनदा सांगावं लागलं. घरी आल्या तर सासरे फुरंगटून बसलेले. बरोबरीच्या जोड्यांत एक त्यांची होती.

“बाबा, बूट घातले तरी होते का?”

“घातले की. गॅलरीत.”

त्यानंतर ते सुनेशी थेट बोलेनात. मुलाला म्हणत, “तुझ्या बायकोला सांग, बाद झालेला माणूस जेवायला येतोय.”

मालकांनी चिडून का होईना, आणखी चाळीस जोड्या मंजूर केल्या. पुन्हा माणसं गोळा करा, पुन्हा हातापाया पडा. एका महाभागानं तर झिजलेला सोल मोचीकडून बदलूनच आणला. बाईंनी त्याची जोडी बाद केली. सासऱ्यांनी मात्र या वेळी स्वतःहून बूट मागून घेतले आणि रोज बाजारापर्यंत चालले. त्यांची जोडी उणे निघाली, पण मोजणीत धरली गेली या आनंदात त्यांचा अबोला सुटला.

या चाळिसांतल्या बाद जोड्या वगळून पस्तीस उरल्या. सत्तावीस अधिक, आठ उणे. असं नुसत्या नशिबानं हजारात जेमतेम एकदा घडतं. बाईंनी सही केली.

“मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो की नाही?” साहेब म्हणाले.

“म्हणाला होतात. पण तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं.”

“तेच ते!” म्हणत साहेब खुशीत मालकांकडे गेले. बाईंनी दार लावून घेतलं आणि बराच वेळ कुणाला आत येऊ दिलं नाही.