रिकाम्या पागेतला वळसा

आधीच सांगून ठेवते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. सगळी नोकरी शाळेत सायन्स शिकवण्यात गेली. कुणी झपाटलेल्या विहिरीबद्दल सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाते. नातवाने इथले भुताखेतांचे अनुभव वाचायला दिले, तेव्हा काही वाचून मी भरपूर हसलेसुद्धा. पण एक गोष्ट माझ्याजवळही आहे... आणि ती मला कधी हसण्यावारी नेता आली नाही.

काळ पन्नासच्या आसपासचा. अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं भाड्याचं बैठं घर होतं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते फॅक्टरीत ऑफिसर. पलीकडे कॅम्पात, म्हणजे आताच्या उल्हासनगरात, मिलिटरीच्या बराकींमधून सिंधी कुटुंबं नुकती कुठे स्थिरावत होती. आमच्या घरामागे पत्र्याची एक शेड होती. आजोबा तिला ऐटीत ‘पागा’ म्हणायचे.

आजोबांना सगळे आबा म्हणत. ते एका संस्थानाच्या घोडदळात होते. संस्थान विलीन झालं, घोडदळ मोडलं आणि आबा दोन गोष्टी घेऊन मुलाकडे राहायला आले — लाखी नावाची तांबूस घोडी आणि लायसन्सचं जुनं रिव्हॉल्व्हर. दादांना दोन्हींची लाज वाटायची. कॅम्पातले टांगेवाले घोडी मागायला आले की ते आशेने आबांकडे बघायचे, आणि आबा टांगेवाल्यांना फाटकातूनच परत पाठवायचे.

मला मात्र दोन्हींचं वेड लागलं. शेजारच्या मुली भातुकली मांडायच्या तेव्हा मी मधोमध मोडून उघडणाऱ्या त्या रिव्हॉल्व्हरची नळी फडक्याने पुसत बसायची. त्या तेलाचा वास मला अजून आवडतो. हातात देण्याआधी आबा गोळ्यांची सहाही घरं मला दाखवायचे. “लोक म्हणतील रिकामं हाय. आपण आपल्या डोळ्यांनी बघायचं.” मग लाखीला खरारा करायचा, तिचे हरभरे भिजत घालायचे. “सुमे, ही दोन्ही तुझी बरं का,” असं आबांनी कितीदा सांगितलं असेल!

आई वैतागायची. “पोरीला काय घोड्यावरून सासरी पाठवणार आहात?”

“मग? नवरा घोड्यावरनं आलेला चालतो न्हवं तुम्हांस्नी?”

आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रांची पूजा असायची. पाटावर रिव्हॉल्व्हर, शेजारी खोगीर आणि लगाम. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, हा आबांचा दंडक. हत्यारालाही एक दिवस विश्रांती हवी म्हणायचे. त्या वर्षी रिव्हॉल्व्हरला झेंडूची माळ मी बांधली, गाठीवर गाठ मारून. लाखीच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि आईबरोबर बदलापूरला, कात्रपला मावशीकडे मुक्कामाला गेले.

दसऱ्याला सकाळी परत आलो तर पागा रिकामी.

आबा ओट्यावर बसले होते. “पालेगावला धाडली, गोविंदाकडं. हिरवा चारा हाय तिथं. यील दिवाळीला.” माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले. गोविंदा म्हणजे आम्हाला तांदूळ आणून देणारा शेतकरी. मी विश्वास ठेवला. आबा खोटं बोलत नाहीत, हे मला पाढ्यांइतकं पाठ होतं. फक्त रिव्हॉल्व्हरच्या माळेची गाठ वेगळी दिसली. घोडं बांधताना आबा मारायचे तशी, ओढली की सुटणारी. माझी माळ तुटली असेल, त्यांनी पुन्हा बांधली असेल, असं मी धरून चालले.

दुपारची जेवणं झाल्यावर आपट्याची पानं घेऊन मी पागेत गेले. लाखी नाही तर निदान तिच्या गव्हाणीत सोनं ठेवू म्हटलं.

लाखी तिथेच होती!

भर दुपारची वेळ. पत्र्याच्या फटीतून तिच्या पाठीवर ऊन पडलं होतं. चारही पायांवर नीट उभी. कपाळावरचं कुंकू ओलं दिसत होतं, पार नाकापर्यंत ओघळलेलं. मी हात पुढे केला. तिने तळवा हुंगला... गरम श्वास लागला... आणि ओठांनी पान उचललं. मी धावत सुटले. “आबा! लाखी आली! आपली आपण आली!”

आबा उठले. पदराला हात पुसत आईही मागोमाग आली. ती तडक आत शिरली आणि लाखी उभी होती त्या जागेतून आरपार चालत गव्हाणीपर्यंत गेली. “कुठाय गं?” म्हणाली. मला लाखी तशीच दिसत होती.

आबा दारात थबकले होते. मग ते आईकडे निघाले, पण सरळ नाही. भिंतीला चिकटून त्यांनी लाखीच्या मागून लांबचा वळसा घेतला आणि हात पुढे धरून हलक्या आवाजात म्हणाले, “होऽ... होऽ...”

घोडं पाळलेल्याला हे सांगायला नको. जनावर दचकू नये, लाथ बसू नये, म्हणून त्याच्या मागून असंच जातात. रिकाम्या जागेला असा वळसा कुणी घालत नाही.

“आबा, दिसली ना?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “न्हाई सुमे. हितं काय न्हाई.”

मी वळून बघितलं तर खरंच काही नव्हतं. माझा तळवा ओला होता. पान कुठेच सापडलं नाही. आईने ऊन लागलं म्हणून मला कांदा हुंगायला लावला आणि झोपवलं.

त्याच आठवड्यात पालेगावचा गोविंदा तांदूळ घेऊन आला. मी त्याला लाखीबद्दल विचारलं.

“आमचेकडं? नाय गो बाय, आमचेकडं कंची घोडी?”

मग मी दादांना धरलं, तेव्हा त्यांनी खरं सांगितलं. नवमीच्या संध्याकाळी लाखी पाइपासाठी खणलेल्या चरात पडली होती. पुढचा पाय मोडून हाड बाहेर आलं होतं. सणामुळे गुरांचा डॉक्टर मिळेना. शेवटी आबांनी पाटावरचं रिव्हॉल्व्हर उचललं, त्यात गोळी भरली आणि कपाळात घातली. ते ओघळलेलं कुंकू काय होतं ते मला तेव्हा कळलं. “तुला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही,” दादा म्हणाले.

आबांनी मारलं ते मी समजू शकते. पालेगावची थापही एक वेळ सोडून देईन, मोठी माणसं पोरांना असं काहीतरी सांगतातच. पण पागेत डोळ्यांनी बघूनही ते मला ‘न्हाई’ म्हणाले, ते मला आजही सहन होत नाही. अंगाची आग होते. पुढे कितीतरी दिवस आबा तेल-फडकं घेऊन मला हाक मारत राहिले. मी कधीच गेले नाही.

माझ्या मॅट्रिकच्या वर्षी आबा अंथरुणाला खिळले. डोकं मात्र शाबूत होतं. एकदा घरात आम्ही दोघंच असताना मी विचारलं, “आबा, त्या दिवशी तुम्ही वळसा का घेतलात?”

“कसला वळसा?”

“लाखीच्या मागून.”

“ल्हान हुतीस तू,” म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

“लबाड आहात तुम्ही,” मी त्यांच्या पाठीला म्हटलं. ते जागे होते, मला माहीत आहे.

ऊन, भास, लहान मुलीचं मन... सगळी कारणं मी स्वतःलाच देऊन बघितली आहेत, तुम्ही देऊ नका. माझ्या भासाला आबा वाट कशी देतील? मेलेली घोडी कशी आली, ते मला ठाऊक नाही. पण ती निदान मला भेटायला आली. तिला बघणारी त्या पागेत आम्ही दोघं होतो, आणि आबांनी मला एकटीला सोडलं.